गव्हाच्या घड्याळाला दुष्काळाची झळ

पाण्याची ओढ बसली की गव्हाचे रोप आपली रोजची दिनचर्याच बदलते. नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उत्पादनाचे गणित रोपाच्या या दिनक्रमावर अवलंबून असते.

जानेवारी महिन्यात नांदगाव तालुक्यात गव्हाची दोन शेते शेजारी-शेजारी उभी आहेत, अशी कल्पना करावी. एका शेताला आठवड्यापूर्वी पाणी मिळाले आहे. दुसऱ्या शेताच्या विहिरीने तीन आठवड्यांपूर्वीच तळ गाठला आहे. सकाळी सातच्या सुमारास बांधावरून पाहणाऱ्याला दोन्ही शेते जवळपास सारखीच दिसतील. पाने हिरवी, ताठ आणि टवटवीत. दुपारी एक वाजता मात्र दुसऱ्या शेतातील पाने कडेने आत वळून सुरळीसारखी झालेली असतात, रंग निळसर-राखी भासू लागतो. संध्याकाळी ऊन उतरले की तीच पाने पुन्हा उलगडतात आणि दिवसभरात काहीच घडले नाही, असे वाटू लागते.

प्रत्यक्षात बरेच काही घडलेले असते. पहिल्या शेतातील रोपांनी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कमी-अधिक वेगाने अन्न तयार केले. दुसऱ्या शेतातील रोपांनी सकाळचे दोन-तीन तास काम केले आणि मग दारे लावून घेतली. दुष्काळ गव्हाला केवळ तहानलेला ठेवत नाही, तर त्याचा कामाचा दिवसच लहान करतो. असे लहान झालेले दिवस साठत गेले की त्याचा परिणाम ओंबीतील दाण्यांवर आणि शेवटी शेतकऱ्याच्या पोत्यांच्या संख्येवर दिसतो.

एकाच जिल्ह्यातील दोन टोके

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडील नांदगाव मात्र पर्जन्यछायेत येते. येथील पावसाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असून तोही वेळेवर पडेलच याची खात्री नसते. गिरणा धरण याच तालुक्यात आहे. तथापि त्याच्या पाण्यावर प्रामुख्याने जळगाव जिल्ह्यातील शेती भिजते. नाग्या-साक्या आणि माणिकपुंज ही धरणे चांगल्या पावसाच्या वर्षीच आधार देतात. तालुक्यातीलच मनमाड शहराची पाणीटंचाई तर राज्याला परिचित आहे. गंमत अशी की, याच मनमाडमध्ये भारतीय अन्न महामंडळाची मोठी धान्य गोदामे आहेत. उत्तरेकडून रेल्वेने आलेला गहू जिथे साठतो, त्याच्या आसपासच्या शेतांत गव्हाला एखादे पाणी जास्तीचे मिळेल का, याची विवंचना असते.

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात नांदगावचा समावेश होता. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ४० तालुक्यांच्या यादीत शेजारचे मालेगाव आणि येवला हे तालुके होते. अशा वर्षी रब्बीचा गहू पेरायचा की कमी पाण्यावर येणारा हरभरा घ्यायचा, हा निर्णय दिवाळीच्या सुमारास विहिरीतील पाण्याकडे पाहून घेतला जातो. गव्हाच्या बाजूने कौल देणाऱ्या शेतकऱ्याला पुढील शंभर-एकशे दहा दिवस मोजक्या पाण्यात निभावून न्यावे लागतात.

वनस्पतींनाही वेळ कळते

वनस्पतींच्या शरीरात घड्याळ असते, याची पहिली चाहूल १७२९ मध्ये लागली. झां-झाक दॉर्तू द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश दिसत नसतानाही त्याची पाने ठरलेल्या वेळी उघडत व मिटत राहिली. पुढे अडीचशेहून अधिक वर्षांनी या अंतर्गत घड्याळामागील जनुकांचा उलगडा झाला. फळमाशीतील अशा घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वनस्पतींतील घड्याळाची जनुके वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. काही जनुके पहाटे जागी होतात, काही संध्याकाळी. पहाटेची जनुके संध्याकाळच्या जनुकांना दाबून ठेवतात आणि संध्याकाळची पहाटेच्यांना. या आळीपाळीतून साधारण चोवीस तासांचे चक्र तयार होते. या चक्रामुळे रोपाला उजाडण्याची वाट पाहावी लागत नाही. सूर्य उगवण्यापूर्वीच त्याची पाने दिवसाच्या कामाची तयारी सुरू करतात.

ही चैन नसून गरज आहे, हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. मोहरीच्या कुळातील अरबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीचे अंतर्गत घड्याळ बाहेरच्या दिवस-रात्रीशी जुळलेले असेल, तर तिच्यात हरितद्रव्य अधिक असते, ती कार्बन अधिक प्रमाणात पकडते आणि अधिक वाढते. घड्याळ आणि बाहेरचा दिवस यांचा मेळ तुटला की वाढ खुंटते.

गव्हाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. चपातीच्या गव्हात तीन पूर्वज गवतांचे जनुकसंच एकत्र नांदतात. त्यामुळे त्याच्या बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती असतात. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, या तिन्ही प्रती नेहमी एका तालात चालतातच असे नाही. कधी एक प्रत लयीत असते आणि दुसरी नसते, तर कधी दोघींच्या वेळा पुढेमागे असतात.

भरल्या पोटाचा दिवस

पाणी पुरेसे असलेल्या गव्हाचा दिवस कसा जातो, ते आधी पाहू. पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. सकाळच्या प्रकाशातील निळ्या किरणांनी या पेशी जाग्या होतात, पोटॅशियमचे क्षार आत ओढून घेतात, पाठोपाठ पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि त्यांच्यामधील दार उघडते. दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यापासून साखर तयार होते. मात्र याच दारातून पाण्याची वाफ बाहेरही जाते.

हा व्यवहार रोपाला महागात पडतो. एक किलो शुष्क पदार्थ तयार करताना गव्हाचे पीक साधारण पाचशे लिटर पाणी हवेत सोडते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी अगदी थोडा अंश रोपाच्या शरीरात राहतो. म्हणूनच दार कधी आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हा रोपापुढील दररोजचा प्रश्न आहे.

सकाळी हवा थंड व दमट असल्याने पाण्याचा खर्च कमी येतो. दहा-अकराच्या सुमारास प्रकाश भरपूर असतो आणि अन्ननिर्मिती शिखरावर पोहोचते. भर दुपारी हवा कोरडी झाली की रोप दारे थोडी ओढून घेते. वनस्पतिशास्त्रज्ञ याला दुपारची घसरण म्हणतात. तिला रोपाची वामकुक्षी म्हणायलाही हरकत नाही. ऊन कलल्यावर काम पुन्हा थोडे वाढते आणि सूर्यास्ताबरोबर थांबते. जानेवारीत नांदगाव परिसरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. ओल पुरेशी असलेल्या शेतातील गहू यातील बहुतेक तास कारणी लावतो.

ओल सरते तेव्हा

जमिनीतील ओल कमी होऊ लागली की या दिनक्रमाला कात्री लागते. मुळांना पाणी खेचणे जड जाते. मुळे व पाने अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार करतात. हा रोपातील धोक्याचा इशारा होय. हे संप्रेरक रक्षक पेशींपर्यंत पोहोचले की त्यांतील क्षार आणि पाणी बाहेर पडते, पेशी सैल पडतात आणि दार मिटते.

येथे घड्याळाची भूमिका पुन्हा महत्त्वाची ठरते. हाच इशारा सकाळी मिळाला आणि दुपारनंतर मिळाला, तर त्याचा परिणाम सारखा नसतो. दुपारनंतर पर्णरंध्रे त्याला अधिक तत्परतेने प्रतिसाद देतात, असे अनेक वनस्पतींत आढळले आहे. बार्सिलोनातील संशोधकांनी २००९ मध्ये अरबिडॉप्सिसवर केलेल्या कामातून घड्याळातील एक जनुक आणि या संप्रेरकाची यंत्रणा परस्परांशी जोडलेली असल्याचे पुढे आले. म्हणजे घड्याळ तहानेच्या इशाऱ्याची तीव्रता ठरवते आणि तो इशाराही उलट घड्याळाच्या जनुकांवर प्रभाव टाकतो.

याचा शेतातील परिणाम असा की, अन्ननिर्मितीचे शिखर अलीकडे सरकते. दहा-अकराऐवजी ते नऊच्या आसपास येते. त्यानंतर घसरण सुरू होते आणि संध्याकाळची उभारी जवळपास नाहीशी होते. ताण जसजसा वाढतो तसतशी सकाळची खिडकी अरुंद होत जाते. ऊन तेच, जमीन तीच, पण दुपारचा सगळा प्रकाश वाया जातो. इतकेच नव्हे, तर न वापरलेल्या प्रकाशाची ऊर्जा पानाला अपायकारक ठरू नये, यासाठी रोपाला वेगळी शक्ती खर्चावी लागते. पाने आत वळवणे हा त्यावरचाच एक उपाय होय. पानाच्या वरच्या बाजूला असलेल्या मोठ्या पेशींतील पाणी घटले की त्या आक्रसतात, पान गुंडाळले जाते आणि उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो.

दार मिटल्याचा आणखी एक परिणाम हाताला जाणवू शकतो. पाण्याची वाफ होताना पान थंड राहते, माठातले पाणी गार राहते त्याच न्यायाने. ओल असलेले गव्हाचे पीक दुपारी भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड असते. पर्णरंध्रे मिटली की हा फरक कमी होतो आणि पीक तापू लागते. अमेरिकेतील फिनिक्स येथील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या तत्त्वावर पिकाची तहान मोजण्याची पद्धत विकसित केली. पिकाला हात न लावता अवरक्त तापमापकाने त्याचे तापमान मोजायचे, तेही दुपारी. सकाळी मोजले तर तहानलेले आणि तृप्त पीक यांतील फरक हाती लागत नाही.

हिशेब रात्रीचा

सूर्य मावळल्यावर रोपाचे काम संपत नाही. दिवसभर साठवलेल्या साखरेवर रात्रीची वाढ, दुरुस्ती आणि श्वसन चालते. घड्याळ येथेही उपयोगी पडते. पहाटेपर्यंत पुरेल अशा बेताने साठा खर्च करण्याची शिस्त वनस्पतींमध्ये दिसते. गहू आपली जास्तीची साखर मोठ्या प्रमाणात खोडात साठवतो. पुढे दाणे भरण्याच्या काळात पाने थकली की खोडातील ही शिल्लक ओंबीकडे वळवली जाते. परिस्थिती चांगली असेल तर दाण्याच्या वजनात या शिल्लकेचा वाटा लहान असतो. दुष्काळात मात्र तो कितीतरी वाढतो. ज्या पिकाचे आधीचे दिवस लहान झाले, त्याच्याकडे शिल्लकही कमी असते. हातावर पोट असलेल्या कुटुंबासारखी त्याची अवस्था होते.

रात्रीचे दुसरे काम म्हणजे पाण्याची भरपाई. पर्णरंध्रे बहुतांश मिटलेली असल्याने मुळांनी शोषलेले पाणी पानांपर्यंत पोहोचून दिवसभराची तूट भरून निघते. पहाटे रोपातील पाण्याची पातळी आणि जमिनीतील ओल यांचा मेळ बसतो. म्हणूनच दुष्काळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पहाटे, सूर्योदयापूर्वी पानांचे मोजमाप करतात. दुपारचे मलूल पान फक्त उन्हाची तीव्रता सांगत असू शकते. पहाटेही पान सावरले नसेल, तर जमिनीतली शिदोरी संपल्याचे ते चिन्ह होय.

याची एक साधी खूण शेतातही दिसते. पाणी भरपूर असलेल्या गव्हाच्या पात्यांच्या अगदी टोकावर पहाटे पाण्याचा एकेक टपोरा थेंब असतो. तो दव नव्हे. दव पानभर पसरते. हा थेंब मुळांच्या दाबाने आतून वर ढकलला गेलेला असतो. जमीन कोरडी पडली की हा दाब ओसरतो आणि टोकावरचे थेंब दिसेनासे होतात. वारा वाहत असेल किंवा हवा कोरडी असेल तरीही थेंब टिकत नाहीत, त्यामुळे केवळ त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण सुरुवातीला सारख्याच दिसलेल्या त्या दोन शेतांतील फरक पहाटे ओळखायचा असेल, तर पाहण्याची जागा हीच.

कोणता दिवस वाचवायचा?

विहिरीत एक-दोन पाळ्यांपुरतेच पाणी असेल, तर पिकाचे सगळे दिवस वाचवता येत नाहीत. मग वाचवायचे कोणते, हा खरा प्रश्न आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस याबाबत स्पष्ट आहे. एकच पाणी देणे शक्य असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावे. दोन पाणी शक्य असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी. तीन शक्य असतील तर या तिन्ही वेळा साधाव्यात.

या आकड्यांमागे रोपाचे जीवनचक्र आहे. विसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळे फुटतात आणि फुटव्यांची संख्या ठरू लागते. चाळिशीनंतर कांडी धरते आणि खोडाच्या आत ओंबी आकार घेत असते. त्यापुढील पोटरीच्या काळात, ओंबी बाहेर पडण्याआधी परागकण तयार होतात. या नाजूक अवस्थेत ताण बसला तर परागकण वांझ राहू शकतात. मग फुले येऊनही दाणे धरत नाहीत, आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ही हानी भरून येत नाही. साठाव्या दिवसानंतर फुलोरा आणि दाणे भरण्याचा काळ येतो. या टप्प्यावर दररोजचे दोन-तीन तास जास्तीचे मिळाले, तर ते थेट दाण्याच्या वजनात उतरतात.

पेरणीची वेळही याच हिशेबात धरावी लागते. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी, असे विद्यापीठ सांगते. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. महाराष्ट्रातील थंडी मुळातच लहान. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उन्हाचा चटका वाढतो, रात्रीही उबदार होतात आणि श्वसनात साखर अधिक जळते. उशिरा पेरलेल्या गव्हाचे दाणे नेमके याच काळात भरत असतात. राज्यातील गव्हाची हेक्टरी उत्पादकता देशाच्या सरासरीच्या जवळपास निम्मी राहण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

तीन घड्याळांचा मेळ

शेतकऱ्यापुढे मात्र एकटे गव्हाचे घड्याळ नसते. दुसरे घड्याळ विजेचे असते. शेतीपंपांना आळीपाळीने काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास वीज देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत, साप आणि बिबट्याच्या भीतीत रात्री सारे भरावे लागतात. तिसरे घड्याळ विहिरीचे. उपसा झाल्यावर पुन्हा पाणी साठायला लागणारा वेळ कोणाच्याही सोयीने चालत नाही.

रोपाच्या दृष्टीने पाणी रात्री दिले की दिवसा, यापेक्षा ते कितव्या दिवशी मिळाले याला महत्त्व अधिक आहे. दिलेली ओल मुळांच्या कक्षेत कित्येक दिवस टिकते. रात्रीच्या पाण्याची वाफ कमी होते हे खरे. पण अंधारात सारा फुटून वाहून जाणारे पाणी तो फायदा पुसून टाकू शकते. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. अशा योजनांचे मोल गव्हाच्या रोपापेक्षा रात्री बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाला अधिक आहे.

वाणांचा शोध

कमी पाण्यात तग धरणाऱ्या वाणांवर नाशिक जिल्ह्यातच दीर्घकाळ काम चालू आहे. निफाडच्या कृषी संशोधन केंद्राने जिरायतीसाठी 'पंचवटी' आणि जिरायत तसेच मर्यादित सिंचनासाठी 'नेत्रावती' हे वाण दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा 'एमएसीएस ४०२८' हा बन्सी प्रकारचा गहूही जिरायतीसाठी आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता व क्षारता यांसारख्या ताणांवर संशोधन करते.

वाण निवडताना घड्याळाशी खेळावे लागते, याचा इतिहास हरितक्रांतीत आहे. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात दोन भिन्न ठिकाणी पिढ्या वाढवून गहू निवडला. त्यातून दिवसाच्या लांबीवर अवलंबून न राहता फुलणारे वाण मिळाले. भारताने १९६६ मध्ये अशा मेक्सिकन गव्हाचे १८ हजार टन बियाणे आयात केले. दिवसाची लांबी ओळखणारे गव्हातील हे जनुक घड्याळाच्या जनुकांच्याच कुटुंबातील आहे, हे नंतर समजले.

तरीही दुष्काळाला पुरून उरेल असा सर्वगुणसंपन्न गहू अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये 'ड्रायस्डेल' हा पाणी जपून वापरणारा वाण आला. त्याचा लाभ कोरड्या हंगामात दिसतो. पाणी भरपूर असेल तेव्हा हाच काटकसरी स्वभाव आड येऊ शकतो, कारण दार कमी उघडणारे रोप कार्बनही कमी मिळवते. पाणी वाचवणे आणि अन्न कमावणे यांचा एकाच दारातून होणारा हा व्यवहार कोणत्याही वाणाला टाळता येत नाही.

शहरी ताटाशी नाते

मुंबई-पुण्याच्या घरांतील गहू बहुधा मध्य प्रदेश, पंजाब किंवा हरियाणातून येतो. त्यामुळे नांदगावच्या शेतातील ताण हा दूरचा प्रश्न वाटू शकतो. परंतु मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेने उत्तरेतील गव्हालाही तोच अनुभव दिला. ११ कोटी १३ लाख टनांचा सुरुवातीचा उत्पादन अंदाज खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. तेथे कालव्याचे पाणी होते, तरी दाणे भरण्याच्या ऐन काळात रोपांचे दिवस आखडले.

नांदगावचा शेतकरी हा प्रसंग दर दोन-चार वर्षांनी अनुभवतो. लहान थंडी, उथळ जमीन आणि मोजके पाणी यांत पिकाचे कोणते दिवस राखायचे, याचा निर्णय त्याला दर रब्बीत घ्यावा लागतो. हवामान तापत जाईल तसा हा निर्णय देशातील आणखी अनेक शेतांत घ्यावा लागणार आहे. त्यासाठी महागडी उपकरणे हाती नसली तरी पाहण्याची वेळ मात्र चुकू नये. गव्हाची तहान दुपारी दिसते, पण ती किती खोल गेली आहे, हे पहाटेच कळते.